उरलेली फ्रेम

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला माणसांपेक्षा त्यांच्या फोटोंचा सहवास अधिक घडतो. खातं उघडा, फोटो. लॉकर घ्या, फोटो. नियम बदलला की तोच गृहस्थ पुन्हा फोटो घेऊन हजर. गेल्या वीस वर्षांत अस्मादिकांनी इतके पासपोर्ट फोटो फॉर्मांवर चिकटवले आहेत की बी.कॉम.ला तीन वर्षं जमाखर्च शिकवण्याऐवजी तीन तास खळ लावायला शिकवलं असतं, तर विद्यापीठाचा आणि माझा दोघांचाही वेळ वाचला असता. या अनुभवातून मी एवढंच शिकलो, की माणूस कितीही सज्जन असला तरी पासपोर्ट फोटोत तो फरारीच दिसतो.

सांगायचं कारण, आमच्या शेजारचे काका गेल्या वर्षी हयातीचा दाखला द्यायला माझ्या काउंटरवर आले. हा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे घरच्यांना रोज जाणवत असलं तरी पेन्शन देणाऱ्याला ते कागदावर लागतं. पूर्वी सही करून भागत असे. आता मोबाइलसमोर चेहरा धरायचा, मोबाइल तो ओळखतो आणि तुम्ही हयात असल्याचं वर कळवतो. मात्र फोटो दाखवून कोणी फसवू नये म्हणून तो तुम्हाला डोळ्यांची उघडझाप करायला लावतो.

"काका, डोळे मिटा नि उघडा," मी म्हणालो.

काका गप्प. नुसते बघत राहिले.

"काका, डोळे मिटायचेत."

"अहो बँकवाले," काका म्हणाले, "आख्खा जन्म मी लोकांना डोळे मिटू नका म्हणून ओरडत आलो. एकेका मंत्र्याने डोळे मिटले म्हणून तीन-तीन फ्रेमा फुकट गेल्यात माझ्या. आणि आता तुमचं हे यंत्र मला डोळे मिटायला सांगतंय?"

तेवढ्यावर थांबते तर ते काका कसले! "शिवाय उजेड माझ्या पाठीमागून येतोय. खिडकी पाठीशी घेऊन कोणी फोटो काढतं का? उठा, तुम्ही इकडे या." मग त्यांनी मला, मोबाइलला, खुर्चीला आणि पासबुक भरायला उभ्या असलेल्या एका बाईंना हलवून जागा बदलायला लावली. त्यानंतर यंत्राने त्यांना एका झटक्यात ओळखलं. काका जिवंत असल्याचं असं अधिकृतपणे ठरलं. मी म्हटलं, आलाच आहात तर खात्याचे कागदही नवे करून टाकू, एक फोटो द्या. काकांनी खिसे चाचपले, पाकीट उलटं केलं आणि शेवटी हळूच म्हणाले, "माझा फोटो नाही हो माझ्याकडे."

पिंपरी-चिंचवडात पस्तीसएक वर्षं वर्तमानपत्रासाठी फोटो काढणाऱ्या माणसाजवळ स्वतःचा एकही फोटो नसावा, याचं मला नवल वाटलं. मग वाटलं, नवल कसलं? जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या कारकुनाच्या खिशात तरी काय असतं?

त्याच रविवारी काकूंनी माळा साफ करायला काढला. माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक उतरली आणि भंगारवाल्याला बोलावणं गेलं. जुन्या निगेटिव्हांना भंगारात गिऱ्हाईक असतं हे मला ठाऊक नव्हतं. फोटोच्या फिल्मवर चांदीचे क्षार असतात आणि निगेटिव्हवर जे काळं दिसतं ती चक्क चांदी असते. एक्स-रे फिल्ममध्ये ती जास्त, निगेटिव्हात थोडी. ती काढून घेणारे लोक आहेत. म्हणजे एखाद्याने आयुष्यभर टिपलेला काळ ते धुऊन टाकतात आणि चिमूटभर धातू गोळा करतात. आमच्या बँकेत सोनेतारण कर्ज मिळतं, पण निगेटिव्ह तारण ठेवून घेण्याची सोय अजून झालेली नाही. भंगारवाल्याचा काटा तयार होता. मी कधी नव्हे तो शूरपणा केला आणि म्हणालो, "काकू, ट्रंक आठवडाभर आमच्याकडे राहू दे." ती ट्रंक आज आमच्या दिवाणाखाली आहे. आमच्या सौ.च्या मते आठवडा संपून आता अकरा महिने झाले आहेत.

ट्रंकेत बटरपेपरच्या पाकिटांतून निगेटिव्ह होत्या आणि त्यांच्याखाली काकांच्या डायऱ्या. चार रकाने: तारीख, ठिकाण, काम, फ्रेमा. मजकूर आमच्या लेजरइतकाच रसाळ. 'भोसरी. कारखाना उद्घाटन. ४.' 'चिंचवड. मोरया गोसावी समाधी, गर्दी. ३.' 'आकुर्डी. तुकोबांची पालखी मुक्काम. ६.' 'पवना पूर. पूल. ४.' आणि पुन्हा 'कारखाना उद्घाटन. ४.'

मी विचारलं, उद्घाटनाला नेहमी चारच का?

"फीत, समई, भाषण आणि समोरचं पब्लिक," काका म्हणाले. "पाचवं उद्घाटनात काही घडतच नाही."

आता आमच्या या पट्ट्याचा इतिहास म्हणजे एका दृष्टीने चार-चार फ्रेमांचाच इतिहास आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि पेनिसिलिन तयार होऊ लागलं. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि ज्वारीच्या रानांना प्लॉट नंबर पडले. आकुर्डीत बजाजच्या स्कूटरी, पिंपरीत टेल्कोचे ट्रक. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे चाकणचा नंबर लागला. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना तिथे सुरू झाला आणि कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाच्या नावापुढे लोक जर्मनीचं नाव घेऊ लागले. या सगळ्याला फीत होती, समई होती, भाषण होतं आणि समोर पब्लिकही होतं.

हे फोटो छापायचे कसे, ही वेगळीच तऱ्हा. आम्हाला वाटतं, फोटो काढला की छापला. छायाचित्रणाची कला जगाला जाहीर झाली १८३९ साली, पॅरिसमध्ये. ती मुंबईला फार लवकर पोहोचली. १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातले एक हौशी फोटोग्राफर. पण वर्तमानपत्रात फोटो छापता येईना. कारण छापखान्याची शाई एक तर लागते किंवा लागत नाही. मधला करडा रंग तिला ठाऊकच नाही. (आमच्या एका साहेबांचा स्वभाव असाच होता. असो.) मग कोणीतरी युक्ती काढली. फोटोचा पुन्हा फोटो काढायचा, मध्ये बारीक रेघांची जाळी धरून. म्हणजे चित्राचे ठिपके होतात. काळ्या जागी मोठे ठिपके, उजळ जागी बारके. ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, ॲसिडने कोरायचे, पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. हाच तो 'ब्लॉक'. अशा ठिपक्यांचा पहिला फोटो न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक'ने ४ मार्च १८८० रोजी छापला. आणि तो कशाचा होता म्हणता? राजाचा नव्हे, राणीचा नव्हे. झोपडपट्टीचा! काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या संपादकांनी परत पाठवला असता. म्हणाले असते, यात पाहुणे कुठायत?"

वर्तमानपत्राचा कागद जाडाभरडा, त्यामुळे जाळीही जाडीभरडी. इंचाला पासष्ट रेघा म्हणजे झालं. परिणामी छापल्यावर अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि हार घेऊन आलेला शिपाई हे तिघे एकमेकांचे सख्खे भाऊ दिसत. खाली 'डावीकडून तिसरे' असं छापलेलं असे म्हणून आपण विश्वास ठेवायचा. शिवाय ब्लॉक करायला पैसे पडत, म्हणून एकदा केलेला ब्लॉक जपून ठेवण्याची छापखान्यांतून पद्धत होती. पुढाऱ्याचं पोट वाढो, केस जावोत, पेपरात त्याचा तोच तरुण चेहरा वर्षानुवर्षं छापून यायचा. काकांच्या कचेरीतही अशा ब्लॉकांचं एक कपाट होतं आणि त्यात एका पुढाऱ्याच्या ब्लॉकवर पोऱ्याने चहा सांडला तर ते गृहस्थ पुढे कायम गालावर डाग घेऊन छापले जात. ऑफसेट छपाई आली आणि लोक एकदम म्हातारे झाले.

काकांनी पहिला कॅमेरा पतपेढीचं कर्ज काढून जुना विकत घेतला, १९७५ साली. पोटाशी धरून वरून खाली डोकावायचा, दोन भिंगांचा. त्यात एकशेवीसचा रोल बसे आणि एका रोलमध्ये बारा फोटो निघत. बारा म्हणजे बाराच. परदेशी फिल्म महाग, मिळायची मारामार. उटीला सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना होता, त्यांची 'इंदू' नावाची फिल्म मिळे. कचेरीतून रोल मोजून मिळायचा आणि हिशेब मोजून द्यावा लागायचा. रोल पुरा झाल्याशिवाय धुवायचा नाही, असा दंडक. धुलाई घरीच व्हायची, न्हाणीघरात, रात्री. काकू सांगतात की लग्नानंतर पहिली पाच वर्षं त्यांनी घरातला लाल दिवा हा शोभेचा समजला होता. ओल्या फिल्म दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेल्या असत आणि शेजारी पापड. एकदा पाहुण्यांनी हायपोच्या बाटलीतलं लिंबूसरबत समजून... पण ती गोष्ट काकूंकडूनच ऐकावी.

आणि इथेच मला त्या ट्रंकेतली खरी गंमत सापडली. उद्घाटनाच्या चार, दुसऱ्या उद्घाटनाच्या चार, बक्षीस समारंभाच्या तीन. झाल्या अकरा. बारावीचं काय करायचं? ती पुरी केल्याशिवाय रोल बाहेर काढता येत नाही. तेव्हा काका घरी जाता जाता सायकल थांबवत आणि समोर जे असेल त्याचा एक फोटो काढून टाकत. डायरीत या फ्रेमेपुढे नुसतं 'उरलेली' असं लिहिलेलं आहे. ती कधीच छापली गेली नाही, कारण ती मागितलीच नव्हती कोणी.

मी रविवारी या निगेटिव्हा खिडकीच्या काचेला लावून बघू लागलो. फिती कापणारे सगळे सारखेच. पण उरलेल्या फ्रेमा बघताना मी जेवायला उठेना. कारखान्याच्या कुंपणाला टेकलेला नांगर. पहिली पाळी सुटल्यावर शेकडो सायकली, आणि त्यात एकच चालत निघालेला. नव्या रस्त्यावर धान्य वाळत घालून बसलेली म्हातारी, ट्रक तिला वळसा घालून चाललेत. चाकणच्या किल्ल्याची झुडपांत बुडालेली भिंत. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने हाच किल्ला शाइस्तेखानाच्या एवढ्या फौजेपुढे पन्नासहून अधिक दिवस लढवला, आणि फोटोत तिच्यावर कोणाचीतरी गोधडी वाळत घातलेली. चहाच्या टपरीवर 'इथे खोली भाड्याने मिळेल' ही पाटी मराठीत, हिंदीत आणि खाली मद्रासी वाटेल अशा लिपीत. माझे वडील ज्या गावात नोकरीसाठी आले ते गाव हे होतं. मी ते कधीच पाहिलं नव्हतं, कारण पेपरात रोज फक्त समई छापून येत होती.

काकांना मी हे म्हणालो, तर ते खूश व्हायच्या ऐवजी खिन्न झाले. त्यांनी १९८९ ची डायरी काढली.

त्या वर्षी टेल्कोच्या कामगारांचा लढा पेटला होता, राजन नायर पुढारी. सप्टेंबरात हजारो कामगार पुण्याला शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले. काका २८ तारखेला तिथे होते. दिवसभराच्या चार फ्रेमा. रात्री थांबावं असं मनात होतं. पण कचेरीचा निरोप होता की सकाळी नऊला भोसरीत एका शेडचं उद्घाटन आहे, वेळेवर पोहोचा. शेवटची गाडी गाठून काका घरी आले. २९ च्या पहाटे पोलिसांनी उपोषणाला बसलेल्यांना गाड्यांत घालून तिथून हलवलं. लढ्याचा कणा मोडला तो त्या पहाटे. काकांच्या डायरीत २९ सप्टेंबरपुढे लिहिलंय: 'भोसरी. शेड उद्घाटन. ४.' आणि खाली, शाई बदलून, 'उरलेली: नाही.'

"त्या दिवशी बारावी काढलीच नाही," काका म्हणाले. "कोरी सोडून रोल धुतला. आयुष्यात एकदाच."

समजूत घालायला मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी होमाई व्यारावालांची गोष्ट सांगितली. सांगितली म्हणजे, ती काकांना माझ्याआधीपासून ठाऊक होती, पण ऐकून घेतली. या मूळच्या नवसारीच्या, मुंबईच्या जे.जे.त शिकलेल्या. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतात. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापले जात. नेहरू, माउंटबॅटन, सगळे त्यांच्या कॅमेऱ्यात आले. ३० जानेवारी १९४८ ला त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. नवऱ्याने मागे बोलावलं, की उद्या दोघे मिळून जाऊ. तो उद्या गांधीजींना लाभलाच नाही. ही हुकलेली वेळ होमाईंना पुढे जन्मभर बोचत राहिली.

"त्यांचं नशीब तरी मोठं होतं," काका म्हणाले. "गांधीजी हुकले. माझं भोसरीच्या शेडपायी हुकलं."

डायऱ्यांच्या शेवटच्या पानांवर काकांनी फोटोच्या धंद्यातल्या बातम्या टिपून ठेवल्या आहेत. २०१२ च्या जानेवारीत दोन नोंदी लागोपाठ आहेत. १५ तारखेला होमाई गेल्या, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी. आणि १९ तारखेला अमेरिकेत कोडॅक कंपनीने दिवाळं जाहीर केलं. चार दिवसांचं अंतर. काकांनी दोन्ही नोंदींना मिळून एकच चौकट काढली आहे. गंमत अशी, की फिल्मशिवाय चालणारा पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच एका इंजिनियराने, स्टीव्हन सॅसनने, १९७५ मध्ये जुळवला होता. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला तेवीस सेकंद. कंपनीने तो मनावर घेतला नाही. म्हणजे ज्या वर्षी काका पतपेढीत जामीनदार शोधत हिंडत होते, त्याच वर्षी काकांचा आणि कोडॅकचा दोघांचाही धंदा बुडवणारी वस्तू तयार झाली होती आणि हे दोघांनाही समजलं नव्हतं. कर्जाचे हप्ते मात्र काकांनी वेळेवर फेडले. बँकवाला म्हणून मला याचं कौतुक वाटतं.

पुढची नोंद मे २०१३ ची. शिकागोच्या 'सन-टाइम्स'ने आपले सगळेच्या सगळे अठ्ठावीस फोटोग्राफर एका दिवसात काढून टाकले आणि बातमीदारांना मोबाइलने फोटो काढायला शिकवायचं ठरवलं. काकांनी पुढे शेरा मारलाय: 'बातमीदार नऊच्या उद्घाटनाला वेळेवर जाणार का?'

आता दर रविवारी आमचा कार्यक्रम ठरलेला असतो. काका निगेटिव्ह उजेडाला धरतात आणि सांगतात, मी लिहितो. मला दुसरं काही येत नसल्याने मी बँकेच्या पद्धतीने दोन बाजूंचं खातं घातलं आहे. डाव्या बाजूला छापून आलेल्या फ्रेमा, उजव्या बाजूला उरलेल्या. ताळेबंद काही जुळत नाही, उजवी बाजू भारी होते. सौ.ने मध्यंतरी दिवाणाखाली झाडू नेताना विचारलं, की याचं शेवटी करायचं काय. मी म्हणालो, महापालिका आहे, संग्रहालयं आहेत, विद्यापीठ आहे. ती म्हणाली, मग तोपर्यंत दिवाण त्यांच्याकडे पाठवा.

एक फ्रेम मात्र ओळखता येईना. दोन्ही बाजूंना चिंचेची झाडं, मधून रस्ता, कांद्याच्या गोण्यांनी भरलेली एक बैलगाडी आणि बाजूला मैलाचा दगड. त्यावर 'चाकण' एवढं वाचता येतं, आकडा गवताने झाकलेला. तारीख नाही. काका म्हणाले, जागा बघितली की सांगतो. म्हणून मागच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी (बँकेला सुट्टी, देवाची कृपा) मी काकांना स्कूटरवर मागे बसवलं आणि भोसरीवरून नाशिक रस्त्याला लागलो.

झाडं नव्हती. मैलाचा दगड नव्हता. कंटेनर होते, ट्रेलर होते, नव्याकोऱ्या मोटारी पोटात घेऊन निघालेले लांबच लांब पिंजरे होते. काका मागून सांगत होते, "हळू... इथं... नाही, इथं नाही." असं करत करत आम्ही चाकणच्या तळेगाव चौकात आलो आणि अडकलो. ज्यांनी हा चौक पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पुढचा ट्रेलर हलेना, मागचा डंपर हॉर्न थांबवेना.

"तुम्हाला पॅरिसचा फोटो ठाऊक आहे का, दागेरचा?" काका एकदम म्हणाले. "१८३८ चा. भर शहरातला रस्ता, घोडागाड्यांनी वाहता. पण फोटोला त्या काळी मिनिटंच्या मिनिटं लागायची. त्यामुळे जे जे चालत होतं ते उमटलंच नाही. आख्खा रस्ता ओस. फक्त एक माणूस आलाय, बूट पॉलिश करून घ्यायला उभा राहिलेला. तो हलला नाही म्हणून."

"मग?"

"इथं दागेरला बोलवायला हवा होता. एकूणएक गाडी आली असती. नंबरासकट."

आणि काका स्कूटरवरून उतरले, दुभाजकावर चढले आणि खिशातला मोबाइल काढून दोन्ही हातांनी पोटाशी धरला, वरून खाली डोकावत. जुनी सवय. शेजारच्या टेम्पोच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"काय काका, पेपरात येणार का फोटो?"

"येणार तर," काका मान वर न करता म्हणाले. "डावीकडून तिसरे. डोळे मिटू नका."